दूध, पावशेर जादा

भानोबासांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला
तेव्हा बही माझ्याकडे आली.
आधी तीन महिने त्यांनी नुसता बोरू तासायला लावला,
मग हिरड्याची शाई उकळायला,
मग म्हणाले, लिही : आज.
मी लिहिलं, आज सकाळी सुंदर
आणि त्यांनी हात धरला.
"सुंदर कोनाच्या खात्यात टाकू, माय?
जवारीच्या का तेलाच्या?"

तर बहीचे नियम असे.
विशेषण लिहायचं नाही.
कोण रडलं ते लिहायचं नाही,
दिवा किती वेळ जळला ते लिहायचं.
मेलेल्याच्या नावावर रेघ मारायची नाही,
त्याच्या ताटाची जवारी दुसऱ्या दिवसापासून कमी दाखवायची.
पोथी उतरताना अक्षर चुकलं
तर चुकणाऱ्याचं नाव, पान, ओळ,
आणि त्या दिवशी वारं कुठलं होतं.
(वारं कुठलंही असो, मठात ‘ण’च चुकतो.)
सगळं आमच्या उलट्या लिपीत, ‘क’च्या जागी ‘म’, ‘र’च्या जागी ‘स’,
म्हणजे बाहेरच्यानं बही उघडली
तर त्याला तेलमिठाचा हिशोबही मंत्र वाटावा.

बेलमांडळी गाव तसं लांब नाही.
मध्ये संत्र्याच्या दोन बागा, एक कोरडा नाला.
आम्ही फाटकाबाहेर जात नाही.
एस.टी.चा हॉर्न आला की बोरू जरा थांबतो, एवढंच.
तेही नोंदीत नाही.

या चैत्रात अमरावतीहून पत्र आलं, धर्मादाय कार्यालयाचं :
रहिवाशांची यादी पाठवा.
नाव, वय, प्रवेशाचा दिनांक, पुरावा.
सतरा जणांचं सापडलं.
अठरावी मी.

भानोबास ओट्यावर तुरी निवडत होते, बोटांच्या डोळ्यांनी.
"तुह्यावाली नोंद हाये ना. मीच लिहिली."
कोणत्या साली?
"बही आता माह्याजवळ कुठी हाये?"

उन्हाळाभर मी मागे मागे गेले.
लाल कापडातलं एकेक दप्तर सोडत,
वाळवीनं खाल्लेल्या महिन्यांवरून उडी मारत.
पारबताइसा आल्या तो दिवस सापडला :
जवारी अर्धा शेर जादा, तिखट मात्र तेवढंच.
नारोबास निघून गेले ती रात्र :
कंदील एक, परत नाही.
फुटलेला रांजण भेटला, मेलेली गाय,
ऐंशी पानांची एक पोथी आणि तिच्यात एकच चूक.
मी कुठेच नव्हते.
कुणी बाई फाटकाशी आली, कुणी पोर ठेवून गेलं,
असलं एक अक्षर नाही.

मी पौष वद्य चतुर्थीला होते.
गाईच्या रकान्यात, सरकीच्या खाली :
दूध, पावशेर जादा.
दुसऱ्या दिवशी, दूध, पावशेर जादा.
तिसऱ्या दिवशी तेच,
आणि दिवा, पहाटेपर्यंत.
चौथ्या दिवशी दिवा, पहाटेपर्यंत.
पाचव्या दिवशी वाती दोन बदलल्या, दूध उरलं.
असे एकवीस दिवस.
बाविसाव्याला दिवा नेहमीच्या वेळी मालवलेला
आणि दूध, अर्धा शेर.
त्या ‘अर्धा’वर शाईचा थेंब फुटलेला.
चाळीस वर्षांच्या त्यांच्या बहीत
डाग हा एकच.

जेठात इंगोले नावाचे कारकून आले,
मोटरसायकलवर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून.
मी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं.
"हे तर दुधाचं आहे, ताई."
हो, म्हटलं.
त्यांनी थोडा वेळ पेन दातांत धरलं,
मग पुराव्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.
सरकारी अक्षर मला लागत नाही.

आजची नोंद :
चहा, एक कप. साखर, दोन चमचे.
तुरी निवडून झाल्या नाहीत, सूप तसंच ओट्यावर.
जवारी, एका ताटापुरती कमी नाही, अर्ध्या ताटापुरती.
भानोबासांचं अंग परवापासून तापलंय
हे लिहायचं नाही.
दिवा :
पुढे जागा सोडली आहे.
उजाडलं की भरीन.