तीन टोले

लहानू भोयेची काठी आमच्या गल्लीचं घड्याळ होती.
एकला एक, दोनला दोन,
विजेच्या खांबावर.
काठीच्या टोकाला त्यानं
जुन्या खाटेच्या नळीचा तुकडा ठोकला होता.
दहीपुलापासून भांडी बाजारापर्यंत
वाटेतलं प्रत्येक कुलूप ओढून बघायचा,
निजलेल्या पोराचा कान ओढावा तसं, हलक्यानं.

एकदा छाजेडांचं शटर नुसतंच टेकलेलं निघालं.
हा पायरीवर बसून राहिला उजाडेपर्यंत,
आणि सकाळी एवढंच म्हणाला,
"शेठ, रातीला वारं लय होतं."

दुकानामागे महिन्याला साठ रुपये.
भातलावणीला पेठकडे घरी गेला
की चार रात्री गल्ली मुकी,
आणि दादा जागे.

डावी बाजू गेली त्या वर्षी त्यांची झोपही गेली.
पन्नास वर्षं तांबं ठोकलेला माणूस
अंथरुणात पडून टोले मोजायचा.
"दोन झाले," म्हणायचे,
म्हणजे मी त्यांची कूस बदलायची.

मग दुकानदारांच्या बैठकीत ठरलं: आठ कॅमेरे.
कॅमेरे सगळं बघतात,
कुत्र्याचं शेपूटसुद्धा.
पण वाजत नाहीत.
लहानूला शेवटचे पैसे, वर एक ब्लँकेट.
अंबडला कुठल्याशा कंपनीच्या गेटवर लागला म्हणे,
बसायला खुर्ची आहे.

तेव्हापासून दादा रात्रभर विचारत राहिले,
किती वाजले, किती वाजले.
मोबाइल समोर धरला तर मान फिरवायचे.
आकडा बघून रात्र सरत नाही, म्हणायचे.

डिसेंबरात, निफाडचा पारा पाचावर उतरला त्या रात्री
स्वेटरवर शाल घेतली,
खलातला बत्ता घेतला,
जिना उतरलो
आणि तीन वाजता तीन मारले.
कुत्रं भुंकलं. समोरच्या माडीवर कुणी खिडकी लावली.
कॅमेऱ्याचा लाल ठिपका माझ्याकडे बघत होता.
बत्ता मी शालीखाली घेतला,
चोरानं घ्यावा तसा.

वर आलो. दादा आढ्याकडे बघत होते.
"खांब तोच," म्हणाले. "हात दुसरा.
तिसरा टोला भित्रा पडला."

मी गप्प.
बत्ता गार, बोटं त्याहून गार.
पांघरूण सारखं करत होतो
तेव्हा पुन्हा बोलले,

"कुलपं ओढलीस का?"

मी परत चपला घातल्या.