कुमुदअक्का, ओझरहून निघताना

अक्का, पहिली गोष्ट,
शनिवारी गंगेवर जाऊन येते म्हणू नकोस.
विमान अकराचं. आठला मी गाडी घेऊन दारात.
आडगाव नाक्यावर कांद्याचे ट्रक अडले
तर पायलट आपल्यासाठी थांबत नाही.
एसटी नव्हे ती,
‘म्हातारी येतेय हो’ म्हटलं की
कंडक्टरने दोरी सोडून द्यावी.

आधार कार्ड हातात धर.
पुडीत, पुडी रुमालात, रुमाल बटव्यात,
असलं काही नको.
तिकिटावर कुमुदिनी, कार्डावरही कुमुदिनी.
दारातल्या जवानाला
‘मला कुमुदच म्हणतात’ सांगत बसू नकोस.

खोबऱ्याच्या वाट्या चालत नाहीत.
तेल असतं, पेट घेतं म्हणे.
डिंकाचे लाडू इथूनच वळून ने.
लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत, तोंड दोऱ्याने आवळून,
नाहीतर मृदुलाच्या बाळाची दुपटी
बाळ यायच्या आधीच पिवळी.
बॅगेला पंधरा किलो मुभा.
काल वाण्याच्या काट्यावर साडेसतरा भरली.
वरवंटा काढ.
बेंगळुरूत मिक्सर असतो, अक्का.

पाटल्या वाजतील. वाजू देत.
पोलीस बाई पडद्याआड नेईल,
यंत्र फिरवेल पाठीवरून, पोटावरून.
दृष्ट काढतात तसंच.

आणि अडकित्ता घरी ठेव.

बाबांचा आठवतो? मोराच्या तोंडाचा.
घर बदलताना हरवला, असं मी सांगितलं होतं तुला.
तू माळ्यावरची तीन पिंपं उपसलीस त्यापायी.
घर बदलताना नाही.
ट्रेनिंगला बेंगळुरूला गेलो त्या वर्षी
शर्टाच्या खिशात राहिला होता.
जवान म्हणाला, काका, हे नाही नेता येणार.
मागे रांग. पुढे माझे साहेब, घड्याळ बघत.
डब्यात नेलकटर होते, कात्र्या, एक चिमटा.
मी वरून टाकला.
फारसा आवाजही झाला नाही.

असो.

कान दडतात, वर जाताना आणि खाली येताना.
आवळासुपारी चघळ, आवंढा गीळत राहा.
डोळा लागलाच तर उतरताना उठवा
असं शेजारच्याला आधीच सांगून ठेव.
पाणी घोट घोट पी.
संडासाचं दार ओढायचं नाही, मधोमध दाबायचं;
मी पाच मिनिटं ओढत होतो.
पाय सुजतात तुझे, तेव्हा चप्पल सैल घाल,
बसल्या बसल्या घोटे फिरव
जात्याचा खुंटा फिरवल्यासारखे.

गुडघ्यांना कडेची जागा बरी, असं सगळे सांगतील.
बरोबरच आहे त्यांचं.
मी तुझी खिडकीची घेतली आहे.

पंखावर बघ,
टिकल्यांच्या ओळी दिसतील, एका मापाच्या.
एकतीस वर्षं मी कारखान्यात तेवढंच केलं,
टिकली, ठोका, पुढची टिकली.
आमची विमानं लढाईची.
आत एकच खुर्ची असायची,
ती माझी नव्हती.
माझा डबा भरताना तू विचारायचीस,
एवढं लोखंड वर राहतं कसं रे?
मी म्हणायचो, लोखंड नाही, ॲल्युमिनियम.
हे काही उत्तर नव्हतं, मला कळत होतं.

तुला आत सोडलं की मी घरी जाणार नाही.
जानोरीच्या रस्त्याला
द्राक्षाच्या एका बागेचं कुंपण धावपट्टीच्या अंगाला येतं,
तिथे थांबेन.
वरून मी दिसणार नाही. हात वगैरे करू नकोस,
शेजारचा काय म्हणेल.
खिडकीची पट्टी मात्र वर ठेव.
उडताना ती वरच ठेवायची असते.
नियमच आहे तसा.