मधलं कच्चं

मेनच्या किनाऱ्यावर अजून सांगतात :
वादळ उठलं, कप्तानाने हातातला डोनट
सुकाणूच्या खुंटीत खोवला,
तेव्हापासून भोक.

मेहिटाबेल क्रॉकेट ऐकते,
चरबीच्या कढईत झारा फिरवते.
कसलं वादळ? वाराही नव्हता.
मधे कच्चं राहायचं, एवढंच.
नवरा रात्रभर पोट धरून बसायचा.
सासूच्या सांगण्यावरून मधोमध भरलेला अक्रोडही
पिठूळ लागायचा.
शेवटी औषधाच्या बाटलीचं तोंड
दाबलं गोळ्यावर.

आणि त्याच्याही आधी डच बायका तळतच होत्या की,
बिनभोकाचे, तेलाने निथळणारे.
त्यांच्याकडे कुणी कप्तान नव्हता.

गिऱ्हाइकं वादळच मागतात.
ती देते, वर साखर भुरभुरून.
काढलेले मधले गोळे
फडक्याखाली असतात.
विचारलं तरच.