नान्त ब्रुइनची मोजदाद

सप्टेंबर. ग्वेन्लियन गुडघाभर पाण्यात,
पाठीवर बॅटरी, हातात विजेची कांडी.
वरच्या डोहापासून मेंढ्यांच्या पुलापर्यंत
साठ पावलं ओढा.

बादलीत लवंगेच्या तेलाचे चार थेंब
आणि तपकिरी ट्राउट मुकाट कुशीवर कलंडतात.
एकशे बारा मिलिमीटर. एकशे सत्तावीस.
एक खवला पाकिटात:
हिवाळे त्यावर दाट वळ्यांनी लिहिलेले.

मादीनं शेपटीनं खडी उकरून
आठशे अंडी पुरली काय, दोन हजार काय,
एप्रिलमध्ये जागा तेवढ्याच.
एका दगडाआड एक पिल्लू.
ज्याला दगड मिळत नाही
ते उपाशीच खाली वाहत जातं,
पंधरवड्यात संपतं.
'गर्दीच गर्दीला खुडते'
असं तिनं एकदा आलेखाखाली लिहिलं होतं,
मग खोडलं.

शहाण्णवच्या हिवाळ्यात पूर आला, खडीच वाहून गेली.
त्या सालच्या पिल्लांच्या रकान्यात: तीन.
तिघंही पुढे भलती जाडजूड झाली.

काठावरून इदवाल विचारतो, 'यंदा किती?'
ती पाच भावंडं; शेत एकालाच पुरलं.
'एकोणचाळीस,' ती म्हणते. 'नेहमीचेच.'
बादली हळूच कलती करते.

सगळ्यात मोठा आधी शुद्धीवर येतो,
थेट आपल्या दगडाकडे.