टेकओव्हर

बँकेतली पोर म्हणाली, काका, याला टेकओव्हर म्हणतात.
फायनान्सवाल्याचं कर्ज आम्ही उचलायचं,
तुम्ही आमच्याकडे यायचं, माजी सैनिकांच्या दरानं.
शब्द ओळखीचा निघाला, म्हणून मी खुर्चीत सरळ बसलो.

तंगधारच्या वरच्या एका पोस्टवर
मीही टेकओव्हर केलं होतं:
ब्लँकेट बावीस, रॉकेलचे डबे नऊ,
स्टोव्ह एक, पिन तुटलेली,
आणि दगडी भिंतीत आधीच्या कुणीतरी
खिळ्यानं कोरलेलं बाईमाणसाचं नाव.
ते यादीत नव्हतं. तरी मी मोजलं.

इथली यादी लांब.
डिस्चार्ज बुक, पीपीओ, पंचायतीचा ई-स्वत्तू, कानडीत,
सैनिक बोर्डाचा दाखला, त्यावर गोल शिक्का,
आणि जुन्या फायनान्सवाल्याचं पत्र.
ते द्यायला त्यानं सात आठवडे लावले.
साडेअकरा टक्क्यांचं गिऱ्हाईक
सुखासुखी कोण सोडतो?

फौजेत मी भरमना. पंचायतीत बरमण्णा.
आधारवर भरमाण्णा, आईनं ठेवलेला,
पण गोजगेकरातला एक ग गळालेला.
कोर्टासमोरच्या वकिलानं स्टँपवर लिहून दिलं,
सदर तिन्ही इसम एकच होत.
तीनशे घेतले.
म्हटलं, माणशी शंभर.
तो हसला नाही.

मग मल्लवाची पाळी.
रेकॉर्ड ऑफिसात ती माला.
तेवीस वर्षं सरकारच्या कागदावर
मी कुणा मालाचा नवरा.
"ही माला कोण ओ?" बसमध्ये तिनं विचारलं,
आणि उचगाव मागं पडेस्तोवर
खिडकीबाहेर रताळ्याचे वेल बघत राहिली.

घर मोजायला माणूस आला बेकिनकेऱ्यात.
हातात यंत्र, त्याचा लाल ठिपका.
ठिपका माझ्या छातीवर आला
आणि माझा श्वास आपोआप थांबला.
"जरा बाजूला होता का?" तो म्हणाला.
झालो.

"स्लॅब कधीचा?"
मला माहीत नव्हतं. घर माझ्या नावावर,
पण ते उभं राहिलं तेव्हा मी स्टोव्हची पिन शोधत होतो.
मल्लवा पदराला हात पुसत आली:
मार्चची चौदा. सिमेंट एकशे चाळीस पोती,
दोन दगड झालेली, ती परत पाठवली.
बोअर आटलेली. शेजारच्या विहिरीवरनं पाणी,
सकाळ-संध्याकाळ.
तो लिहीत गेला. मीही ऐकत गेलो, पहिल्यांदाच.

अहवालात एक ओळ होती:
इमारतीचं शिल्लक आयुष्य, पंचेचाळीस वर्षं.
त्याच्या खाली, कर्जदाराचं वय, एकोणपन्नास.
मॅनेजरनं दोन्हींवर बोट न थांबवता पान उलटलं.

"इल्ली सही माडरी."
मी केली, नेहमीची, घाईची.
मल्लवानं पेन घेतलं, टोपण काढून पाठीमागं बसवलं,
आणि एवढा वेळ लावला
की मागच्या रांगेतला माणूस खाकरला.
म ल्ल वा.
एकही अक्षर माला नाही.

हप्ता एकवीसशे सत्तरनं उतरला.
तिनं तिथल्या तिथं वाटणी केली:
गॅस, पोराची फी, उरलेल्यात जिन्याला कठडा.

रात्री झोप लागेना. उठलो.
चार्ज घ्यायची सवय, बॅटरी घेऊन घर मोजत हिंडलो.
दारं पाच, खिडक्या सात, एकीची कडी सैल.
वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या सोळा,
त्यांतल्या दोघींवर वाळत घातलेली चादर.
आणि जिन्याखाली, गिलाव्यात,
सात वर्षांत मी न पाहिलेल्या
खिळ्याच्या रेघा.
मोजल्या. एकवीस.
विसावी भलतीच लांब, पार फरशीपर्यंत ओढलेली.

सकाळी विचारलं. पाणी मारायचे दिवस, म्हणाली.
आणि विसावी?
ती दुधाला उतू जाऊ न देण्याच्या नादात,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तुमचा फोन लागंना झालता त्या दिवशी."

हे अजून बँकेला कळवलेलं नाही.