ती दुसरी

राजमणी चिप्पा, वय एकेचाळीस, विडी घरकुल.
तिनं तर्जनी पुढे केली.
टोचलं. रक्त नाही.
पुन्हा टोचलं. नाही.
वीस-बावीस वर्षं पानं वळून वळून
बोटाचं टोक चिंचोक्यासारखं झालेलं.
"अनामिका द्या," मी म्हटलं.
ती हसली. "हिला कामच नाही, म्हणून मऊ राहिली."

महिनाभराचा ताप. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं:
साखर, हिमोग्लोबिन, थुंकी
आणि ती दुसरी.
आमच्या केंद्रात सगळे असंच म्हणतात, ती दुसरी,
शिपाई तर नुसत्या डोळ्यांनी म्हणतो.
त्या दिवशी मी का कोण जाणे नाव घेतलं,
साखरेचं घेते त्याच आवाजात.
एचआयव्हीची. करू ना?
नाही म्हणालात तरी तापाचं औषध मिळेलच.
"करा की. बोट तर फुटलंच आहे."

वीस मिनिटं. मे महिना,
पंखा गरम हवाच ढवळत होता.
"एवढ्यात माझ्या तीस विड्या होतात," म्हणाली,
आणि मांडीवर नसलेल्या सुपातलं पान
अंगठ्यानं दुमडत राहिली.
पट्टीवर एक रेघ उठली.
मग दुसरी, फिकट,
टॉवेलच्या किनारीत चुकून शिरलेल्या धाग्यासारखी.

फॉर्मात एक रकाना असतो: कशामुळे.
तो मी शेवटी भरायचा ठेवला.
पक्क्या तपासणीला सिव्हिल. पत्ता लिहून दिला,
तिनं कागद उलटा धरला.
मग अर्धी रजा टाकून मीच गेले,
रिक्षात दोघींच्या मध्ये तिची पिशवी,
पिशवीला तंबाखूचा वास.

पुढचं थोडक्यात.
रोज रात्री एक गोळी.
डबी आधी तेंदूच्या गठ्ठ्यात, सुनेपासून लपवून.
वर्षानं फळीवर, हळदी-कुंकवाशेजारी.
मग एक अहवाल: विषाणू आढळला नाही.
"गेला?"
"नाही. आहे. पण मोजण्याइतका उरला नाही.
गोळी मात्र सोडायची नाही."
बराच वेळ गप्प.
"कारखान्यात उलटं. मोजून घेतात,
आणि वर छाट काढतात."

परवा तिघींना घेऊन आली,
त्यातली एक पोटुशी, पोरगीच.
दारातूनच, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं,
"बाई, हिची साखर बघा, आणि एचआयव्ही!"
शिपायानं मान वर केली.
पोरगीनं घाबरत तर्जनी पुढे केली.
राजमणीनं तिचा हात धरून
बोट बदललं.