कडेची पांढरी जागा

सांगलीला, मार्केट यार्डात,
गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला माझं टेबल.
टेबलावर बावीस इंची पडदा.
शेठनी घेतला तेव्हा पेढे वाटले होते.
कीबोर्ड एकेकाळी पांढरा होता म्हणतात,
आता राजापुरी रंगाचा आहे.
सगळ्यात जास्त हळद शून्याच्या बटणावर.

पूर्वी भाव उघडले की उघडायचे.
आडवे. एका नजरेत.
हळकुंड, गठ्ठा, कणी, पावडर,
आवक, किमान, कमाल, सरासरी,
शेजारी कालचं, त्याच्या शेजारी परवाचं.
मान न हलवता कळायचं कोण चढलं, कोण बसलं.
रोजमेळाचं पान असतं ना, तसं:
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
आणि मधे आपण.

सोमवारी उघडलं तर
मधोमध एक चिंचोळी पट्टी.
दोन्ही बाजूंना पांढरं. निव्वळ पांढरं.
कार्यालयात दोनशे पानांची जागा
आणि वाढलंय एकाच पानावर.
अक्षरं एवढाली, जणू मला दिसतच नाही.
बटणं अंगठ्याच्या मापाची,
त्यावर माझा माउसचा बाण
परातीत पडलेल्या मोहरीसारखा.
हळकुंड बघा, सरकवा. गठ्ठा बघा, सरकवा.
कणीपर्यंत येईतो हळकुंड विसरलं.
उरलेलं सगळं तीन आडव्या रेघांमागे दडवलेलं.
त्यावर दाबलं तर वरून फलक:
'उत्तम अनुभवासाठी ॲप घ्या.'
अनुभव?
एकतीस वर्षांचा आहे माझ्याकडे, याच गाळ्यातला.

'मोबाईलवर बघा की अण्णा,' तेजपाल म्हणतो,
शेठचा पुतण्या, वय तेवीस.
बघितलं असतं रे.
पण सौदे सुरू झाले की पोत्यात हात घालायचा,
हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा,
ते बोट मग काचेला पटत नाही.
ठसा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा.
तीनदा. चौथ्यांदा कुलूप.
हळद लागली की माणूस बदलतो म्हणतात,
पण इतका?

हरिपूरला पेवं होती तेव्हा
आमचा बाळगोंडा हमाल दोर बांधून खाली उतरायचा.
तोंड बघाल तर जेमतेम एक माणूस.
पण आत, तो सांगायचा,
हात पसरले तरी भिंत लागत नाही,
कंदील धरला की चहूकडून पिवळं.
पुरानंतर ती पेवं बुजली.
आता सगळं उलटं झालंय,
दार बावीस इंची
आणि आत बोळ.

तक्रार नोंदवायला गेलो.
विचारलं, तुमचा मोबाईल कोणत्या कंपनीचा?
यादीत बघितलं, 'मोबाईल नाही' असं कुठेच नव्हतं.
'इतर' दाबलं.
इतर. बरोबर आहे.

मग गुरुवारी, तोलाई आटोपल्यावर,
जुन्या बिलबुकांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या कापल्या,
पोस्टातल्यासारखी खळ केली,
आणि पडद्याच्या डाव्या पांढऱ्यावर चिकटवलं
कालचं, परवाचं, गेल्या वर्षीच्या याच आठवड्याचं.
उजवीकडे आवक, गाडी नंबर,
निजामाबादच्या पार्टीचा फोन,
खाली कोपऱ्यात सुमतीच्या गोळ्यांची यादी.
मधे ती पट्टी आपली जळतेय,
सरकवा म्हणतेय.

संध्याकाळी शेठ आले.
चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.
मला वाटलं आता पडद्याची किंमत काढणार.
त्यांनी बंडीच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला,
वायदे लिहिलेला, त्यांच्याच तिरक्या अक्षरात.
'हा पण लाव,' म्हणाले. 'जागा आहे का?'

आहे की, म्हटलं.
जागाच जागा आहे.